सगळ्यांपुरतं पातेलं

प्रवासाला निघणाऱ्याला दशम्या बांधून द्यायची रीत आता मागे पडली. भाकरीत आणि दशमीत फरक तो केवढा, तर पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं. दुधामुळे ती मऊ राहते, जास्त टिकते, हे कारण आहेच; पण जुन्या बायका दुसरंच कारण आधी सांगायच्या. पाण्यात मळलेल्या पिठाला विटाळ होतो, दुधात मळलेल्याला होत नाही. म्हणून दशम्यांची पुरचुंडी धर्मशाळेत, नदीकाठी, परक्याच्या ओसरीवर कुठेही सोडता यायची. तुपातल्या पदार्थांचंही तेच. लाडू, अनारसे, पुऱ्या दुसऱ्या घरून आल्या तर चालायच्या. त्याच घरचा भात चालायचा नाही. उत्तरेत तर कच्ची रसोई आणि पक्की रसोई अशी उघड वाटणीच आहे. आपल्याकडे पानातल्या पहिल्या भातावर तूप पडल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि त्या तुपाला म्हणायचं अन्नशुद्धी. कित्येक पिढ्या एका घरचं अन्न दुसऱ्या घरात जायचं असेल, तर त्याचा परवाना गाई-म्हशीच्या कासेतून निघत होता.

हा परवाना ज्याने आपण होऊन परत केला, त्याने सणाच्या पंगतीला घरचं काही करून न्यायचं ते कसं? हा प्रश्न आता आमच्याही घरात येऊन बसला आहे.

आमचं घर माधवनगरात. सांगलीहून तासगावकडे निघालं की बुधगावच्या अलीकडे लागणारं हे गाव, वारांच्या नावांच्या पेठांचं, गिरणी आणि यंत्रमागांवर वाढलेलं. मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, मारवाडी अशी घरं एकमेकांना लागून. कोण काय खातं आणि काय खात नाही हे इथे कुणी कुणाला विचारत नाही; ते माहीतच असतं. गौरी-गणपतीला आमच्याकडे सगळं कुटुंब जमतं. धाकट्या दिरांची मुलगी पुण्यात नोकरी करते, ती व्हीगन झाली. म्हणजे मांस, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, मध हेही बंद. गौरीजेवणाच्या आधी तिचा फोन आला, "काकू, एक पदार्थ मी करून आणते. सगळ्यांपुरता."

शेवटचा शब्द मी तेव्हा फारसा मनावर घेतला नाही. माझं लक्ष नैवेद्याच्या पानाकडे गेलं होतं. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचांतले चार तिने सोडलेले. मात्र पान पुढे वाचत गेलं तर चित्र बदलतं. मीठ, लिंबू, चटणी, भाज्या, वरण, भजी, कुरडई, कटाची आमटी. पुरणात हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची, जायफळ. पोळीच्या कणकेला तेल. आमच्या भागात तर तेलावर लाटलेल्या पोळ्यांचंच कौतुक. दूध-तूप येतं ते पोळी ताटात पडल्यावर. आणि गौरी घरात येतात त्या संध्याकाळचा नैवेद्य असतो भाजी-भाकरीचा. शेपू नाहीतर मेथी, आणि ज्वारीची भाकरी. माहेरवाशीण वाटेने दमून आलेली, तिला आधी साधं जेवू घालायचं, पक्वान्न उद्या. (कोकणात काही घरांत याच गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा नैवेद्य असतो. देवीची तक्रार ऐकिवात नाही.)

यातून दिसतं ते असं की आपलं रोजचं साधं जेवण, भाकरी, चटणी, कोरड्यास, आमटी, हे बहुतेक दुधावाचूनच आहे. दूध-तूप वाढत जातं ते दिवस मोठा होत जातो तसं. आमच्या सासूबाई १९७२च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन राहिलेल्या. त्यांच्या लेखी तूप नसणं म्हणजे तत्त्व नव्हे, तूप नसणं म्हणजे नसणं. नातीने सणाच्या दिवशी तुपाला नको म्हणावं यात त्यांना वैचारिक मतभेद दिसत नाही. पोर कोरडं जेवते आहे, एवढंच दिसतं आणि पोटात तुटतं. व्हीगन लोकांच्या लिखाणात या भीतीला फारशी जागा नसते. त्यांच्यासमोर बहुधा भरल्या घरातला वाचक असतो. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी शाकाहाऱ्यांतून वेगळं होऊन आपली संस्था काढली, तेव्हा तिथेही युद्ध होतं, रेशन होतं. तरी नको म्हणण्याची ऐपत होती. ऐपत हा शब्द मी टोमण्याने वापरत नाही. त्याग करायला आधी काहीतरी हाती असावं लागतं, एवढंच.

तसं पाहिलं तर नको म्हणणाऱ्या माणसाला सांभाळून घेण्यात मराठी स्वयंपाकघराइतकं तयार घर शोधून सापडायचं नाही. एकादशीला पाहुणा टेकला तर विचारायच्या आधी साबुदाणा भिजतो. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी, कुणाचं चातुर्मासात वांगं बंद. गावच्या जत्रेत बकरी पडतात, पण माळकऱ्यांची चूल वेगळी मांडलेली असते आणि त्यांची पंगत आधी बसते. तुळशीची माळ गळ्यात दिसली की वाढपी रश्शाची बादली घेऊन आपोआप पुढे सरकतो. "ते माळकरी हायत" एवढ्यावर विषय संपतो. कुणाला अपमान वाटत नाही, कुणी प्रथिनांचं काय म्हणून विचारत नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून जैन घर आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर जैनांत व्यापाऱ्यांइतकेच शेतकरी. १८९९ सालची त्यांची सभा आजही सांगलीतून चालते. शेजारच्या काकी कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि मध तर श्रावकाने सोडायच्या पहिल्या गोष्टींतला. मद्य, मांस आणि मधु ही तिन्ही एका ओळीत. म्हणजे मधापुरती आमची पुतणी आणि काकी एका पंगतीतल्या. त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे रसत्याग. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ या सहांपैकी एक, दोन किंवा सगळे रस ठरावीक काळ सोडायचे. श्वेतांबरांच्या आयंबिलात तर दूध, दही, तूप, तेल, गोड सगळंच जातं. दुधाला नाही म्हणणं या गल्लीला नवं नव्हतं.

आणि ऋषिपंचमी. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे लागतात. अळू, माठ, भेंडी, शिराळी, लाल भोपळा, मक्याचं कणीस, सुरण. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या रानातलं धान्य नाही. परसात, कुंपणावर, माणसाच्या हाताने लावलेलं तेवढं चालतं. पूर्वी तेलाचा घाणा बैल ओढायचा, म्हणून तेलही नाही. पोटनियम घरोघरचे वेगळे. कुणी फोडणीला तूप घेतं, कुणी नुसत्या पाण्यात शिजवतं. या व्रताची कहाणी मात्र आजच्या बाईने मान्य करावी अशी नाही. विटाळाच्या दिवसांत बाईकडून झालेल्या शिवाशिवीच्या दोषाचं हे प्रायश्चित्त म्हणून सांगितलेलं आहे आणि त्यावर मुलामा चढवण्यात अर्थ नाही. कहाणी बाजूला ठेवून ताटातला नियम तेवढा पाहिला तर तो थक्क करणारा आहे. वर्षातून एक दिवस या मुलखातल्या बायका जेवायच्या आधी विचारतात, हे पिकवताना कुणाची मान जूखाली होती?

व्हीगन माणूस प्राण्याच्या अंगातून काय निघालं ते पाहतो. ऋषिपंचमी प्राण्याच्या अंगावर काय पडलं ते पाहते. दुसरा हिशेब जास्त अवघड आहे, आणि आज तो गमतीदार रीतीने सोपा झाला आहे. आमच्या भागात नांगरट ट्रॅक्टरने होते, तेल गिरणीतून येतं, म्हणजे डिझेलच्या कृपेने बाजारातलं बहुतेक धान्य ऋषींना चालण्यासारखं झालं. एक अपवाद रस्त्यावर दिसतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, आणि टायरच्या गाड्यांवर शिगोशीग ऊस रचून बैलजोड्या डांबरी चढ चढतात. बैलांची मान खाली, गाडीवाला शेजारून चालत, त्याची बायको मोळ्या बांधून अर्धी झालेली. चहातल्या साखरेवर हिरवा ठिपका नसला तरी तिला कुणी मांसाहारी म्हणत नाही. पण ऋषिपंचमीच्या काटेकोर नियमाने ती बाद व्हायला हवी. पुतणीला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "काकू, म्हणून काय दूध पुन्हा सुरू करू?" प्रश्न बरोबर होता. एका दयेचा हिशेब अपुरा आहे म्हणून तो फाडून टाकावा असं नाही.

इतक्या नकारांना सरावलेल्या घरात हिच्या एका नकाराने खळखळ का व्हावी, याचा मी विचार करत राहिले. आमच्या सासूबाईंनीच ते उलगडलं, त्यांच्या नकळत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी नातीला विचारलं, "बरं, मग याचं उद्यापन कधी?"

आमच्या सगळ्या सोडण्यांना शेवट असतो. उपास सुटतो, चातुर्मास संपतो, सोळा सोमवार झाले की सतरावा येतो. सोडलेली वस्तू देवाला दिलेली असते आणि ठरलेल्या दिवशी ब्राह्मणसवाष्ण जेवू घालून ती परत घेता येते. माळकऱ्याची माळ जन्माची खरी, पण तिच्यामागे पांडुरंग उभा आहे. ज्या नकारामागे देव असतो त्याचा यजमानाला राग येत नाही, कारण तो नकार यजमानाला नसतो. तो वरच्याशी झालेला करार असतो. या मुलीच्या नकारामागे देव नाही, व्रत नाही, फळ नाही. आहे ते एक मत. आणि मत म्हटलं की समोरच्याला आपण आपोआप विरुद्ध पक्षात गेल्यासारखं वाटतं. ती काही न बोलता नुसती तुपाची वाटी पुढे सरकवते आणि शेजारी बसलेल्याला आपल्या वाटीचा हिशेब द्यावासा वाटू लागतो.

मताने दूध सोडणाऱ्यांची परंपरा लहान आहे, पण आहे. अकराव्या शतकात सीरियातला आंधळा कवी अल-मआर्री मांस, अंडी, दूध आणि मधही अन्याय म्हणून सोडून बसला होता, आणि त्याला तिथल्या लोकांनी विचारलेले प्रश्न आमच्या जेवणघरातल्यांपेक्षा फार वेगळे नसावेत. जवळचं उदाहरण गांधीजींचं. कलकत्त्यात गाई-म्हशींकडून अखेरचा थेंब काढण्यासाठी होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराबद्दल वाचून त्यांचं मन दुधावरून उडालं होतं, आणि १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्यासोबत त्यांनी दूध सोडलं. पुढे १९१८-१९च्या मोठ्या आजारपणात मुंबईचे डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर उभं राहायचं नाही. गांधीजी अडले. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: प्रतिज्ञा करताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, शेळीच्या दुधाला काय हरकत? ते शेळीच्या दुधावर उठले, आणि आपण अक्षर पाळलं पण आत्मा सोडला ही बोच त्यांनी आत्मकथेत नोंदवली. मला या प्रसंगात गांधीजींपेक्षा कस्तुरबाच जास्त ओळखीच्या वाटतात. नवऱ्याचं व्रत मोडू न देता त्याला जेवू घालायचं, हे कसब आमच्या प्रत्येक सासूबाईपाशी आहे. नातीसाठीही त्या सकाळपासून असल्याच फटी शोधत होत्या. "लोण्याचं चालंल का? ते काय दूध न्हवं." नाही चालणार. "मग ताक? त्यात सगळं पाणीच की." तेही नाही. शेवटी त्या थकल्या आणि म्हणाल्या, "बामणाच्या सोवळ्याच्या वरताण हाय तुझं."

हे वाक्य सहज आलं, पण मला ते लागलं, कारण महाराष्ट्रात दुसऱ्याच्या घरी न खाण्याला फार वाईट इतिहास आहे. इथे नकार बहुतेकदा वरून खाली आलेला. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या चुलीवरचं चालत नाही, यावर माणसांच्या पायऱ्या ठरल्या. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून टाकली आणि त्या पेलाभर चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. ज्यांना कधी त्या चहालाही बोलावलं गेलं नसतं अशा लाखो लोकांची गोष्ट तर वेगळीच. म्हणून आपल्याकडे सहभोजन ही सुधारणेची चळवळ होऊ शकली. एका ताटात जेवणं ही इथे राजकीय कृती होती. अशा मुलखात पंगतीला आलेल्या माणसाने पिशवीतून स्वतःचा वेगळा डबा काढला, तर त्याच्या मनात कितीही दया असो, पाहणाऱ्याला आधी जुनं सोवळंच दिसतं.

आता फोनवरचा शेवटचा शब्द माझ्या ध्यानात आला. तिने डबा आणला नव्हता. पातेलं आणलं होतं. डबा एकट्याचा असतो, त्याचं झाकणही स्वतःकडे वळवून उघडतात. पातेलं मधोमध ठेवावं लागतं, त्याला पळी लागते, कुणाला तरी वाढावं लागतं. डबा सांगतो की तुमचं मला चालत नाही. पातेलं विचारतं की माझं तुम्हाला चालेल का? आणि विचारणाऱ्याला 'नाही' ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. सणाच्या पंगतीत न खाणाऱ्याने घ्यायचा धोका तो हाच, असं मला आता वाटतं. आपला नियम कितीही चोख असो, सगळ्यांपुरतं शिजवून आणलं तरच त्या नियमाला घरात जागा मिळते.

पातेल्यात होती गव्हाची खीर. हा पदार्थ निवडला यात तिची अक्कल दिसली. बाहेरच्यांना खीर म्हटलं की आटवलेलं दूध आठवतं. सांगली-कोल्हापूरकडची, सीमेपलीकडे जिला हुग्गी म्हणतात ती खपली गव्हाची खीर दुधात शिजतच नाही. ती गुळाची. गुळात आंबूसपणा असतो, त्यात उकळतं दूध पडलं की फाटतं. म्हणून पातेल्यात पाणी, गहू, गूळ, खोबरं एवढंच, आणि ज्याला पाहिजे त्याने ताटात वरून दूध घ्यायचं. महाप्रसादाला मोठमोठ्या कढयांतून हीच खीर असते. म्हणजे तिला मूळ पदार्थातून काही काढावंच लागलं नव्हतं. बदामाचं दूध नको, काजूचं लोणी नको, आणि "हे अगदी खऱ्यासारखं लागतं" अशी केविलवाणी शिफारसही नको. दुकानातल्या बनावट चीजचा एक तुकडा तिने मागे मला दिला होता. त्याबद्दल न बोललेलं बरं.

खपलीचं काम मात्र चिवट. तिचं साल दाण्याला घट्ट धरून असतं. गहू ओलसर करून उखळात कांडायचे, कोंडा सुटला की सुपात पाखडायचे, पुन्हा कांडायचे. दाणा फुटता कामा नये आणि सालही राहता कामा नये. मग रात्रभर भिजवून सकाळी शिजवायचे, दाणा बोटाने चेपला की आतून पांढरा, मऊ उमलला पाहिजे. पळीने थोडा घोटायचा, चिमूट मीठ, मग गूळ. गूळ पडला की खीर आधी पातळ होते, मग रटरटायला लागते आणि तिचे चिकट शिंतोडे मनगटावर बसतात. तेव्हा हात मागे घेतला की खाली लागते. सुंठ, वेलची, जायफळ शेवटी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये उखळ कुठलं? तिने मिक्सरला थांबून थांबून फिरवलं होतं. ओला नारळ भाद्रपदाच्या उकाड्यात रेल्वेत साताऱ्यापर्यंतही टिकला नसता, म्हणून सुकं खोबरं भाजून चुरून घातलेलं. गूळ तिने विचारून विचारून घेतला होता. गुऱ्हाळात काहिलीतली मळी वर काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

आणि खसखस घातली नव्हती. विसरली असेल असं वाटून मी डबा काढायला उठले, तर म्हणाली, "राहू दे काकू, शेजारच्या काकींना चालत नाही ना." खसखशीत जीव असंख्य, म्हणून बरेच जैन ती खात नाहीत. दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीलाच, ऋषिपंचमीच्याच तिथीला सुरू होतं, ते अनंतचतुर्दशीपर्यंत. गौरीजेवण त्यातच येतं. पण एवढं करूनही काकींनी खिरीची वाटी घेतली नाही. पर्वात त्यांचं एकभुक्त असतं आणि ते घरातच, स्वतः गाळलेल्या पाण्यात. पण त्या कुंपणापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि दुधाशिवाय चहा कसा जमतो ते त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं.

नैवेद्याच्या पानात सासूबाईंनी खीर वाढली नाही. नैवेद्य घरच्या चुलीवरचा, सोवळ्यातला, त्यावर तूप पडलंच. "देवीचं देवीला, पंगतीचं पंगतीला," एवढंच म्हणाल्या. मला ती वाटणी योग्य वाटली. पुतणीलाही तिचं काही वाटलं नाही; देवीला व्हीगन करायला ती आली नव्हती.

खरी बोलाचाली झाली ती माझ्या नणंदेशी. तासगाव तालुक्यात तिची दोन म्हशींच्या गोठ्यात उठबस. हा दुधाचा मुलूख आहे. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली दुधाचा धंदा सुरू केला, पुढे संघ आले, डेअऱ्या आल्या, आणि गावोगाव पहाटे कॅन खडखडू लागले. उसाचे पैसे कारखाना कधी देईल ते कारखान्यालाच ठाऊक. दुधाचं बिल मात्र दहा दिवसांनी येतं आणि बऱ्याच घरांत ते बाईच्या हातात येतं. पोरांच्या फिया, औषधं, भिशी त्यावर चालतात. जत, आटपाडीकडे पाऊस रुसला की माणसं जनावरांसोबत चारा छावणीत जाऊन राहतात, ती काही नुसत्या मायेपोटी नव्हे आणि नुसत्या पैशापोटीही नव्हे.

"तू दूध सोडलंस, तुझ्यासारख्या सगळ्यांनी सोडलं, मग माझ्या म्हशींचं मी काय करू?" नणंदेने सरळ विचारलं.

"तुमच्या म्हशींचं मी काही म्हणत नाही, आत्या."

"मग कुणाच्या म्हशींचं म्हणतीस?"

पुतणी गप्प झाली. मग तिने हळूच विचारलं, "आत्या, मागच्या वेळी रेडा झाला होता ना? तो कुठाय?"

आता नणंद गप्प झाली. म्हशीला झालेल्या नराचं पुढे काय होतं हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला माहीत असतं आणि कुठल्याच घरात ते बोललं जात नाही. औताला तो आता लागत नाही. २०१५च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, त्यात रेडा येत नाही. त्याच्या वाट्याचं दूध त्याच्या आईच्या कासेतून कॅनमध्ये जातं, आणि तो आपला रोडावत जातो. नणंद दुष्ट नाही. म्हैस आटली तर तिला जेवण जात नाही. तिच्याच गोठ्यात चीक निघाला की खरवसाच्या वाट्या पहिल्यांदा शेजारीपाजारी जातात, तो विकायचा नसतो. ते देणंही खरं आणि ते रेडकूही खरं. दोघींच्या प्रश्नांना उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि माझ्या मते त्या दोघींकडेही नव्हतं. फरक इतकाच की एकीला रोज पहाटे चारला उठून त्या प्रश्नाला वैरण घालावी लागते.

पानं वाढली गेली तेव्हा खीर पुतणीनेच वाढली, वाकून, प्रत्येकाला "थोडी?" विचारत. दिरांनी लेकीच्या धाकाने भरपूर घेतली. पोरांनी बोटं बुडवून चाखली आणि पोळीकडे वळली. सासूबाईंनी एक चमचा घेतला, मग एक वाटी. नणंदेने खिरीत खळगा केला, माझ्याकडून दुधाचं भांडं मागून घेतलं आणि भाचीच्या डोळ्यांदेखत त्यात आपल्या म्हशीचं दूध ओतलं. भाचीने भांडं तिच्या हातून घेऊन पुढच्या पानाशी नेऊन ठेवलं.

"चव हाय," नणंद खाता खाता म्हणाली. "पण कोंडा राहिलाय गं. मिक्सरात खपली हुती व्हय कधी? पुढच्या साली गहू माझ्याकडं टाक चार दिवस आधी, आमच्यात उखळ हाय अजून."

"आणि बडीशेप घातली नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"खिरीत बडीशेप कुणी घालतं का, आई?" नणंद म्हणाली, आणि तिथून त्या दोघींची जी जुंपली ती विडे येईपर्यंत.